‘व्यक्तिगत वापरासाठी’

घोडेगाव नेवासे तालुक्यात, नगर–संभाजीनगर रस्त्यावर आहे. कांद्याचे लिलाव आणि म्हशींचा बाजार यांमुळे गावाचे नाव पंचक्रोशीबाहेरही घेतले जाते; शनिशिंगणापूरला जाणारे इथूनच वळतात. आमचा एक जुना विद्यार्थी तिथे शेती करतो. गेल्या वर्षी तो आमच्या विभागात एक इंग्रजी अर्ज घेऊन आला. त्याच्या अडीच वर्षांच्या मुलाला एक दुर्मीळ आजार आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाला भारतात विक्रीची मान्यता नाही; ते परदेशातून स्वतःच मागवावे लागते. ‘‘सर, एवढं भाषेचं बघा,’’ इतकेच त्याचे म्हणणे होते. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. पण भाषा बघता बघता त्या अर्जाच्या इतिहासात शिरलो, आणि त्यातल्या दोन शब्दांशी अडखळलो : ‘व्यक्तिगत वापर’.

हे शब्द जुने आहेत. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०–३१ साली देशातल्या भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांच्या व्यापाराची चौकशी केली होती. पुढे १९४०चा औषध कायदा आला. त्याच्या दहाव्या कलमाने काही प्रकारच्या औषधांची आयात निषिद्ध ठरवली आणि त्याच कलमाने एक फटही ठेवली : व्यक्तिगत वापरासाठी अल्प प्रमाणात आणलेल्या औषधाला ही बंदी लागू नाही. अटी १९४५च्या नियमांत, छत्तिसाव्या नियमात आल्या. औषध प्रवाशाच्या सामानातून येत असेल तर एका औषधाच्या सरासरी शंभर मात्रांपर्यंत सूट. सामानाबाहेरून मागवायचे तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ‘नमुना १२अ’मध्ये अर्ज करायचा आणि ‘नमुना १२ब’मध्ये परवाना मिळवायचा. शंभर मात्रांचा हिशेब वाचताना आमच्या डोळ्यांपुढे बोटीतून उतरणारा, पेटीत स्वतःच्या गोळ्या बाळगणारा कोणी साहेब उभा राहिला. जन्मभर परदेशी औषधावर जगावे लागणारे मूल नियम लिहिणाऱ्याच्या कल्पनेत असेल, असे वाटत नाही.

कायदा झाला होता आणि नियम व्हायचे होते, त्या मधल्या काळातला एक प्रसंग पुण्याचा आहे. फेब्रुवारी १९४४. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा हृदयविकाराने खंगल्या होत्या, त्यात न्यूमोनियाची भर पडली. पेनिसिलिन तेव्हा युद्धाचे औषध होते. सामान्य नागरिकाच्या हाती ते जवळजवळ येतच नसे. देवदास गांधींच्या आग्रहाने ते कलकत्त्याहून विमानाने पुण्यात आले. ते दर काही तासांनी टोचून द्यावे लागेल हे कळल्यावर गांधीजींनी संमती दिली नाही. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबा गेल्या.

या प्रसंगावर बोलणारे बहुधा गांधीजींच्या नकाराची बाजू घेतात किंवा त्यावर तुटून पडतात. आम्हांला त्या वादात फार रस नाही. आमचे लक्ष जाते ते त्या औषधाभोवतीच्या माणसांकडे. रुग्ण एक, आणि तिच्या औषधाचा निर्णय करणारे किती! विमानाची खटपट करणारा मुलगा, नको म्हणणारा पती, डॉ. गिल्डर आणि सुशीला नय्यर हे सोबतच स्थानबद्ध असलेले वैद्यकीय सोबती, आणि या सर्वांवर सरकार. लाहोरच्या वैद्य शिव शर्मांना उपचाराची परवानगी मिळाली, पण रात्री आत राहण्याची नाही. काही रात्री त्यांनी फाटकाबाहेर मोटारीत काढल्या, आणि त्याबद्दल गांधीजींना सरकारशी पत्रव्यवहार करावा लागला. या प्रसंगाची चर्चा नेहमी पिता-पुत्राच्या मतभेदाची होते. औषध जिच्यासाठी आले होते ती त्या चर्चेत क्वचितच असते. मग हा वापर ‘व्यक्तिगत’ कसा म्हणायचा?

पेनिसिलिनचे दुर्भिक्ष्य फार काळ टिकले नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी त्याच पुणे परिसरात पेनिसिलिन तयार होऊ लागले. दुर्मीळ आजारांच्या औषधांना मात्र अशी पिंपरी अजून भेटायची आहे. २०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी झोलजेन्स्मा आणावे लागले. किंमत सुमारे १६ कोटी रुपये. ती लोकवर्गणीतून उभी राहिली. सुमारे ६ कोटींचा कर देवेंद्र फडणवीस यांच्या विनंतीनंतर केंद्राने माफ केला. पुण्यातल्या आणखी एका बालिकेला त्याच वर्षी ते औषध मिळाले. काही आठवड्यांत ती गेली. १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौला भरलेल्या जीएसटी परिषदेने हे औषध व्यक्तिगत वापरासाठी आणल्यास त्यावरील जीएसटी माफ करण्याचे ठरवले. हजारो अनोळखी माणसांनी पैसे घातलेल्या औषधावर तोच १९४०चा शिक्का : व्यक्तिगत.

१ एप्रिल २०२३पासून दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाच्या यादीतल्या सर्व आजारांसाठी व्यक्तिगत वापराला आणलेल्या औषधांवरचे मूळ सीमाशुल्कही माफ झाले. त्यासाठी आरोग्य संचालकांचा किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो. म्हणजे घोडेगावच्या बापाला परवाना दिल्लीचा आणि दाखला नगरचा. ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत, हे समजायलाच आमच्या विद्यार्थ्याचे तीन आठवडे गेले होते. शिवाय पैसा. त्या धोरणाखाली निवडक केंद्रांतून (मुंबईचे केईएम त्यांपैकी एक) रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळते. औषध जन्मभर घ्यायचे असेल तर ही रक्कम कुठवर पुरणार, हा हिशेब त्याने आमच्यासमोरच टेबलावरच्या वहीत मांडला होता. आम्ही तो पुन्हा तपासला नाही.

नमुना १२अ ‘मी’ने सुरू होतो : मी अमुक, राहणार अमुक, धंदा अमुक, पुढील औषधे व्यक्तिगत वापरासाठी आयात करण्याच्या परवान्यासाठी अर्ज करतो. त्याने ‘धंदा’पुढे शेती लिहिले होते. नावाच्या जागी आधी मुलाचे नाव घातले, मग खोडून स्वतःचे. ‘‘वापर पोराचा, अर्ज माझा. मग ‘मी’ कोण लिहायचा?’’

आम्ही म्हणालो, तुझेच नाव राहू दे, त्यापुढे ‘अज्ञान मुलाचा पालक या नात्याने’ एवढे घालू.

‘‘म्हणजे सातबाऱ्यावर अ.पा.क. लावतात तसं,’’ तो म्हणाला, आणि त्याने पेन मागितले.