एका वडीचे पाच थर : शॉर्टब्रेड, कॅरॅमल, चॉकलेट, संत्रे आणि न्हावा-शेवा

१/ तळाशी खुसखुशीत शॉर्टब्रेड, त्यावर कॅरॅमलचा मऊ थर आणि सर्वांत वर संत्र्याच्या सालीने सुगंधित केलेले चॉकलेट. ही वडी आता अनेक मराठी घरांत भाजली जाते. ती घरी कशी करावी हे या धाग्यात पाहूच. त्याचबरोबर तिच्या एकेका थराचा इतिहास पाहत आपण उरण तालुक्याच्या किनाऱ्यावर, न्हावा-शेव्याला पोहोचणार आहोत.

२/ संत्र्याविना केलेल्या या वडीचे प्रचलित इंग्रजी नाव ‘मिलियनेअर्स शॉर्टब्रेड’, म्हणजे लक्षाधीशांचे शॉर्टब्रेड. स्कॉटलंडच्या साध्या शॉर्टब्रेडवर कॅरॅमल आणि चॉकलेट चढवून ते श्रीमंत केले, एवढाच त्याचा अर्थ. हे नाव लक्षात असू द्यावे. धाग्याच्या शेवटी ते पुन्हा आठवेल.

३/ पहिला थर : शॉर्टब्रेड. याचे प्रमाण पाठ करण्याइतके सोपे आहे. तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर. वीस सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यासाठी २२५ ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि ७५ ग्रॅम पिठीसाखर घ्यावी. पाणी, अंडे, सोडा यांपैकी काहीही लागत नाही.

४/ इंग्रजीतील ‘शॉर्ट’ या शब्दाचा येथे आखूडपणाशी संबंध नाही. पिठाच्या संदर्भात त्याचा जुना अर्थ ‘सहज चुरा होणारे’ असा आहे. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांभोवती आवरण धरतो, त्यामुळे गव्हातील चिवट ग्लुटेनचे लांब धागे तयार होत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात या क्रियेला फार पूर्वीपासून एक शब्द आहे : मोहन.

५/ शंकरपाळ्यांसाठी मोहन घातलेले पीठ आपली आजी मुठीत दाबून पाहते. मुटका झाला आणि बोटाने मोडताच भुगा झाला, की मोहन पुरे. शॉर्टब्रेडची परीक्षाही नेमकी हीच. गार लोण्याचे तुकडे मैदा-साखरेत बोटांनी चोळावेत, मुटका होऊ लागला की मिश्रण डब्यात दाबून बसवावे आणि १६० अंशांवर सुमारे अर्धा तास, फिकट सोनेरी होईपर्यंत भाजावे.

६/ शॉर्टब्रेडची भारतीय बहीण म्हणजे नानकटाई. नावातील ‘नान’ हा पोळी-भाकरीसाठीचा फारसी शब्द. परंपरागत कथा अशी, की सुरतेच्या डच वखारीतील बेकरी पुढे एका पारशी बेकरवाल्याच्या हाती आली आणि तेथे नानकटाई घडली. कथेचा तपशील काहीही असो, सुरत हे त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते, आणि हा पदार्थ बंदरातच जन्मला हे अर्थपूर्ण आहे.

७/ दुसरी बहीण पुण्याची. लष्कर भागातील ईस्ट स्ट्रीटवर १९५५ मध्ये इराणी बंधूंनी कयानी बेकरी सुरू केली. तिची ‘श्रूजबेरी’ बिस्किटे म्हणजे इंग्लंडमधील एका गावाचे नाव धारण केलेली, लोणी आणि साखर यांनी समृद्ध अशी शॉर्टब्रेडचीच एक शाखा. इंग्रजी नाव, इराणी हात आणि पुणेरी रांग : आपल्या खाद्यसंस्कृतीचा इतिहास बहुधा असाच संमिश्र असतो.

८/ दुसरा थर : कॅरॅमल. त्याचा पाया साखर, आणि ‘शुगर’ हा शब्द मुळात आपला आहे. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर आणि तेथून युरोपीय भाषा, असा त्याचा प्रवास. ‘कँडी’ या शब्दाच्या मुळाशी ‘खंड’ म्हणजे खडीसाखर आहे. उसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला भारतातून पश्चिमेकडे गेली, याचा हा शाब्दिक पुरावा.

९/ महाराष्ट्रात साखरेने राजकारण आणि समाज दोन्ही घडवले. १९३३ मध्ये वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात रावळगाव साखर कारखाना उभारला. पुढच्या दशकात तेथेच गोळ्या बनू लागल्या. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरा येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला.

१०/ हेच वालचंद सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. साखर आणि समुद्र यांचे नाते एकाच माणसाच्या चरित्रात असे एकत्र सापडते.

११/ कॅरॅमलचा दुसरा घटक आटीव गोड दूध, म्हणजेच कंडेन्स्ड मिल्क. अमेरिकेतील गेल बोर्डन यांनी १८५६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १८६६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अँग्लो-स्विस कंपनी निघाली आणि १९०५ मध्ये ती नेस्लेशी एकरूप झाली. १९१२ पासून या संयुक्त कंपनीने भारतात व्यवसाय सुरू केला, तो आयात मालाच्या विक्रीचा. डबाबंद दूध आपल्याकडे आले ते समुद्रमार्गे.

१२/ योगायोग असा, की त्याच १९१२ साली लुई-कामिय मायार या फ्रेंच वैज्ञानिकाने प्रथिने आणि शर्करा तापल्यावर होणाऱ्या तपकिरी अभिक्रियेचे वर्णन केले. कॅरॅमलचा रंग आणि खमंगपणा मुख्यतः या अभिक्रियेतून येतो. बेळगावच्या कुंद्याचा रंगही त्याच कुळातला. दूध आणि साखर ढवळत राहणारा हलवाई ही अभिक्रिया नावाविना जाणत होता.

१३/ कृती : १०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वितळवावी. त्यात कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (सुमारे ४०० ग्रॅम) घालून न थांबता ढवळावे. आठ-दहा मिनिटांत मिश्रण दाट आणि बदामी होते, कडा सोडू लागते. बंद डबा पाण्यात उकळण्याचा मार्ग टाळावा. पाणी आटले तर डबा फुटू शकतो. कॅरॅमल गार शॉर्टब्रेडवर ओतून स्थिर होऊ द्यावे.

१४/ तिसरा थर : चॉकलेट. कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘देवांचे अन्न’ या अर्थाचे ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले. १८२८ मध्ये डच उद्योजक फान हाउटन यांच्या दाबयंत्राने कोकोतील स्निग्धांश वेगळा होऊ लागला. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने खाण्याचे घट्ट चॉकलेट बाजारात आणले. तोवर चॉकलेट हे प्रामुख्याने पेय होते.

१५/ दुधाचे चॉकलेट १८७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांनी साधले. मोठी अडचण होती दुधातील पाण्याची, कारण चॉकलेट आणि पाणी यांचे जमत नाही. आटवलेल्या दुधाने तो प्रश्न सुटला. घरीही हेच पथ्य पाळावे : २०० ग्रॅम चॉकलेट वाफेवर वितळवताना भांड्यात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये, नाहीतर ते आळून रवाळ गोळा होते.

१६/ भारतात कोकोची लागवड अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने आजच्या तमिळनाडूत करून पाहिली. व्यापारी लागवड केरळात १९६० च्या दशकात सुरू झाली. कॅडबरीने मात्र १९४८ मध्येच भारतात पाऊल ठेवले होते आणि पुढे ठाण्यात कारखाना काढला. देशातील कोको आजही मागणीला पुरत नाही. उरलेला बाहेरून, जहाजांतून येतो.

१७/ चौथा घटक : संत्रे. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नरांहा आणि इंग्रजी ऑरेंज, असा हा शब्दही पश्चिमेकडे गेला. विदर्भात संत्र्याची लागवड नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात औरंगाबादहून रोपे आणून केली, अशी परंपरा आहे. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

१८/ चॉकलेट आणि संत्रे यांची जोडी लोकप्रिय करण्यात यॉर्क शहरातील टेरी कंपनीचा वाटा मोठा. तिचे संत्र्याच्या आकाराचे चॉकलेट १९३२ चे. ही जोडी जमते ती सालीतील तेलामुळे. म्हणून वडीत रस घालू नये, रसातील पाणी चॉकलेट बिघडवते. दोन संत्र्यांची केवळ नारिंगी साल बारीक किसावी. खालचा पांढरा भाग कडू असतो. निम्मा कीस कॅरॅमलमध्ये, निम्मा चॉकलेटमध्ये घालावा.

१९/ नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, त्यामुळे किसताना हात हलका ठेवावा. अंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे वडीचा हंगाम आयताच ठरतो. चॉकलेट पसरून ते पूर्ण घट्ट होण्याआधीच सुरीने रेघा आखाव्यात. नंतर कापल्यास वरचा थर तडकतो.

२०/ पाचवा घटक चिमूटभर : मीठ. त्याविना कॅरॅमल नुसते गोड, सपाट लागते. मिठाचा हा दाणा आपल्याला थेट उरणला नेतो. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि पावसाआधी मीठ ओढायचे, हा येथील मिठागरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये उरणच्या मिठाची नोंद आहे. शेजारी खारभूमीतली भातशेती आणि खाडीतली मासेमारी.

२१/ हा तालुका मुकाट नव्हता. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथील चिरनेरच्या अक्कादेवी डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही हुतात्मा झाले. मिठाच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, मिठागरांच्याच तालुक्यात.

२२/ आता जगाकडे वळू. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. पोती पाठीवर वाहण्याचा काळ तेथून मावळू लागला. कंटेनरसाठी खोल पाणी आणि मागे विस्तीर्ण सपाट जमीन लागते. मुंबईच्या जुन्या गोद्यांपाशी ती जमीन नव्हती. खाडीपलीकडे, घारापुरीच्या समोर, न्हावा आणि शेवा या गावांपाशी ती होती. पण ती रिकामी नव्हती.

२३/ १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. त्यात बंदराची भर पडली. भाव आणि पुनर्वसन यांवरून जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले.

२४/ या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. जमीन देणाऱ्याला तिच्या वाढत्या किमतीतही वाटा मिळावा, हा विचार तोवर भूसंपादनाच्या व्यवहारात जवळजवळ अनोळखी होता. आज महाराष्ट्रात कोठेही प्रकल्प येतो, तेव्हा ‘साडेबारा टक्के’ हे शब्द ऐकू येतात. त्यांचे मूळ या खाडीकाठी आहे.

२५/ २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेवा गावाचे पुनर्वसन नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा येथे झाले. कोळीवाड्याच्या नव्या वसाहतीतील घरांना वाळवीने पोखरले आणि तेथील लोकांना दुसऱ्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. बंदरग्रस्तांना साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची इरादापत्रे वाटण्यात आली ती ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे गोळीबारानंतर तीस वर्षांनी.

२६/ बंदराने देशाला काय दिले, हेही तितक्याच प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. २०२४-२५ या वर्षात येथे वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनरांची हाताळणी झाली. विदर्भाची कृषी उत्पादने परदेशी जाण्याची आणि परदेशी कोको देशात येण्याची वाट येथूनही जाते. जानेवारी २०२४ पासून शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू खुला आहे. चॉकलेटची लादी वाण्याच्या दुकानात सहज मिळते, त्यामागे ही सारी यंत्रणा आहे.

२७/ म्हणून लक्षाधीशांच्या या वडीत मिठाचा दाणा विसरू नये. साखरेचे शब्द भारतातून जगभर गेले, कोको समुद्र ओलांडून आला, संत्री बागेतून निघाली. मिठागरांची, भाताची आणि कोळ्यांची जमीन मात्र कोठेही गेली नाही. तिच्यावर धक्का बांधला गेला. दरवर्षी १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोटे येथे हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. अटल सेतूवरून जाणाऱ्या तरुण वाचकांनी एकदा तेथे थांबावे.

२८/ धागा येथे संपतो. आपल्या घरी उरण, पनवेल, जासई, शेवा येथील वडीलधारी मंडळी असतील, तर त्यांना जुन्या मिठागरांविषयी आणि जुन्या शेवा गावाविषयी अवश्य विचारा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. १९८४ पाहिलेली पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. वडी उद्याही भाजता येईल; या आठवणी मात्र आजच विचाराव्या लागतील.