पुण्याचे नासिकारोपण (१७९३) ते आजचे केशरोपण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

'नाक कापले जाणे', 'केसालाही धक्का न लागणे', 'केसाने गळा कापणे' असे वाक्प्रचार मराठीत विपुल आहेत. माणसाची अब्रू त्याच्या चेहऱ्याशी आणि केसांशी जोडलेली असते, या सामाजिक समजुतीचे प्रतिबिंब त्यांत पडलेले दिसते. त्यामुळे गेलेले नाक किंवा गेलेले केस परत मिळविण्याची धडपड ही केवळ सौंदर्याची हौस नसून प्रतिष्ठा परत मिळविण्याची धडपड असते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) सारख्या शहरात आज केशरोपणाच्या जाहिराती सर्वत्र दिसतात आणि लग्नाच्या वयाचे तरुण त्यांचे प्रमुख ग्राहक आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या मावसभावाने लग्न ठरण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया करून घेतली. चौथ्या आठवड्यात नवे लावलेले केस गळू लागले. आपण फसविले गेलो, या समजुतीने तो पंधरा दिवस घराबाहेर पडला नाही. वास्तविक ही गळती अपेक्षितच असते. परंतु तसे त्याला शस्त्रक्रियेपूर्वी कोणीही समजावून सांगितले नव्हते. पैसे घेतले गेले, केस लावले गेले, माहिती मात्र दिली गेली नाही. या प्रसंगातून प्रस्तुत अभ्यासाचा प्रश्न पुढे आला : त्वचा उचलून दुसरीकडे लावण्याची कला ज्या प्रदेशात अडीच शतकांपूर्वी एका कारागिराच्या हाती होती, त्या प्रदेशात आज ती कोणाच्या हाती आहे, आणि रुग्णाला तिच्याविषयी किती कळते?

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. पुणे येथील १७९३ च्या नासिकारोपणाचे स्वरूप व महत्त्व समजून घेणे.
२. आधुनिक केशरोपणाच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
३. शस्त्र हाती घेण्याचा अधिकार आणि रुग्णाचा माहितीचा हक्क यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करून केशरोपण करू इच्छिणाऱ्यांसाठी उपयुक्त निष्कर्ष मांडणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लेखक इतिहासाचा अध्यापक असल्याने येथील वैद्यकीय तपशील सर्वमान्य माहितीपुरते मर्यादित आहेत. ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत.

विषय विवेचन :

१) कावसजीचे नाक

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०-९२) इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा गडी होता. तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाशिवाय वावरला. त्यानंतर पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात या शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे त्यात नमूद आहे.

पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याला नाकाचा आकार द्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याभोवती रेघ ओढावयाची. त्या मापाची कातडी कपाळावरून सोडवावयाची; मात्र दोन डोळ्यांमधला एक अरुंद पट्टा तसाच जोडलेला ठेवावयाचा. नाकाच्या उरलेल्या भागाच्या कडा तासून, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणावयाची व तेथे बसवावयाची. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या लेपाच्या पट्ट्या लावावयाच्या. चार दिवस त्यांना हात लावावयाचा नाही. पुढे तुपात भिजविलेली फडकी ठेवावयाची. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालावयाचे आणि साधारण पंचविसाव्या दिवशी तो जोडपट्टा कापावयाचा.

या वर्णनात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली गोष्ट म्हणजे जोडपट्ट्यामागील तत्त्व. नव्या जागी कातडी रुजेपर्यंत तिचा जुन्या जागेशी असलेला रक्तपुरवठा तोडावयाचा नाही, हे त्या कारागिराला अनुभवाने पक्के ठाऊक होते. दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा नेमका हिशोब. चौथा, दहावा, पंचविसावा दिवस हे टप्पे ठरलेले होते. शस्त्रक्रिया चाकू खाली ठेवल्यावर संपत नाही, ही जाण त्यात स्पष्ट दिसते.

२) ज्याचे नाव नाही तो कारागीर

कावसजीचे चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढले. हाच वेल्स सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचा चित्रकार म्हणून मराठ्यांच्या इतिहासात परिचित आहे. आपल्या परिसराशीही त्याचे नाते आहे. वेरूळच्या लेण्यांची त्याने रेखाटने केली होती व त्याच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये, टॉमस डॅनियल याने त्यांवरून चित्रसंग्रह प्रसिद्ध केला.

त्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे, साक्षीदार डॉक्टरांची नावे आहेत. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र नाही. तो विटा करणाऱ्या जातीचा होता एवढेच सांगितले आहे. अभ्यासक त्यास सामान्यतः कुंभार समजतात. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक व कान जोडण्याच्या विधीचे वर्णन आहे हे सर्वज्ञात आहे; तथापि कपाळाच्या कातडीची ही कला अठराव्या शतकात ग्रंथाच्या नव्हे, तर हाताच्या परंपरेने जिवंत राहिली होती. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये ही पद्धत वापरली व १८१६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. युरोपीय वैद्यकात ही पद्धत 'भारतीय पद्धत' म्हणून स्थिरावली. इकडे पुण्याच्या त्या कारागिराने काय लिहिले, कोणाला शिकविले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ज्ञान कारागिराचे आणि कीर्ती नोंद करणाऱ्याची, असा हा व्यवहार झाला.

३) वस्तरा खाली ठेवणारे हात

केसांच्या बाबतीत महाराष्ट्राच्या इतिहासात आणखी एक प्रसंग महत्त्वाचा आहे. उच्चवर्णीय विधवांच्या केशवपनाची प्रथा नाभिकांच्या हातांशिवाय चालू शकत नव्हती. सत्यशोधक चळवळीने नेमके हेच ओळखले. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. शस्त्र चालविण्याच्या कौशल्याइतकेच ते न चालविण्याचे धैर्यही महत्त्वाचे असते, हा त्या निर्धाराचा अर्थ आहे. समोरच्या व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध तिच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे एका श्रमिक समूहाने जाहीर केले. संमतीचे तत्त्व वैद्यकीय नियमावलीत येण्याच्या कितीतरी आधी ते आपल्याकडे अशा रीतीने उच्चारले गेले होते.

४) केशरोपणाचा विकास

सुश्रुताने इंद्रलुप्त व खालित्य या विकारांची चर्चा केली असून त्वचेवर बारीक टोचे देऊन लेप लावण्याचा उपचार सांगितला आहे. केस एका जागेवरून दुसऱ्या जागी लावण्याचा तो विधी नव्हे. आधुनिक केशरोपणाचा आरंभ जपानमध्ये झाला. ओकुदा या डॉक्टरांनी १९३९ मध्ये केसांसह त्वचेचे छोटे गोल तुकडे काढून जळालेल्या व केस गेलेल्या जागी लावल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. महायुद्धामुळे ते पाश्चात्त्य जगापर्यंत पोहोचले नाहीत. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये याविषयी स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. डोक्याच्या मागील भागातील केस पुढे लावले तरी ते मागच्या केसांचाच गुण टिकवितात, म्हणजे सहसा गळत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. आजची संपूर्ण शस्त्रक्रिया या एका निरीक्षणावर उभी आहे.

सुरुवातीचे तुकडे मोठे असत. त्यामुळे केस बाहुलीच्या केसांसारखे पुंजक्यांनी उगवलेले दिसत. १९९० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली एक ते चार केसांचे नैसर्गिक गट वेगळे करण्याची पद्धत रूढ झाली. २००२ मध्ये प्रत्येक गट स्वतंत्रपणे काढण्याच्या, 'एफयूई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध झाले व मागील बाजूस लांब टाका घेण्याची गरज उरली नाही.

पुण्याच्या नाकाशी तुलना केली असता एक मूलभूत फरक दिसतो. केसांच्या रोपाला जोडपट्टा नसतो. काढल्याक्षणी त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पहिले काही दिवस ते भोवतालच्या द्रवावर जगते आणि मग नव्या रक्तवाहिन्या त्याला मिळतात. रोप बाहेर किती वेळ राहिले, कोरडे पडले का, काढताना मूळ चिरले का, यांवर यश अवलंबून असते. म्हणजेच यंत्रे बदलली तरी हाताचे महत्त्व कमी झालेले नाही.

५) अधिकाराचा प्रश्न

मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने वैद्यकीय नोंदणी सुरू झाली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. आपल्या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची 'घाटी', १९५६ मध्ये सुरू झाले. परंतु केशरोपण हे बहुतांशी रुग्णालयाबाहेर वाढले. मार्च २०१९ मध्ये मुंबईत बारा तासांहून अधिक चाललेल्या व हजारो रोपे लावलेल्या केशरोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला, तेव्हा या विषयाची गंभीर चर्चा झाली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी, मुख्यतः प्लास्टिक सर्जन व त्वचारोगतज्ज्ञांनी, ही शस्त्रक्रिया करावी. कार्यशाळेत किंवा इंटरनेटवरील चित्रफितींत पाहून घेतलेले शिक्षण पुरेसे नाही, असे त्यांत स्पष्ट केले आहे.

येथे एक विसंगती जाणवू शकते. पुण्याच्या कारागिराकडेही पदवी नव्हती. मग त्याचा गौरव आणि आजच्या पदवीहीन तंत्रज्ञाला विरोध का? उत्तर असे की, त्या कारागिराकडे परंपरेने तपासलेले शिक्षण होते, रुग्णाची जबाबदारी त्याचीच होती आणि पंचविसाव्या दिवशीचा शेवटचा छेद त्यालाच द्यावयाचा होता. आज जेथे फलकावर नाव एकाचे आणि चाकू दुसऱ्याच्या हाती असतो, तेथे ही जबाबदारी नाहीशी होते. जबाबदारी कोणाची हे ओळखण्याचे आजच्या काळातील साधन म्हणजे नोंदणी होय.

६) बुलढाण्याचा धडा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने तेथे पाहणी केली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखविले. अनेकांचे केस पुढे पुन्हा उगवले. यावरून प्रत्येक टक्कल एकाच कारणाने पडत नाही, हे स्पष्ट होते. आहार, ज्वर, प्रसूती, थायरॉइड, औषधे अशा कारणांनी गळणारे केस कारण दूर झाल्यावर बहुधा परत येतात. तेथे केशरोपण अनावश्यक ठरते.

निष्कर्ष :

१. शस्त्रक्रियेपूर्वी केसगळतीचे निदान होणे आवश्यक आहे. निदानाआधी रोपांची संख्या व दर सांगितला जात असेल तर तेथे थांबावे.

२. मागील भागातील केसांचा साठा मर्यादित आहे. एकदा काढलेले मूळ तेथे पुन्हा उगवत नाही. विशीतील तरुणाची गळती अजून स्थिरावलेली नसते. आज कपाळावर सर्व साठा खर्च केल्यास पुढे मधल्या टकलासाठी काही उरत नाही. लावलेले केस टिकले तरी मूळचे गळत राहू शकतात, म्हणून औषधोपचाराचा विचारही आधी करावा.

३. प्रत्यक्ष छेद कोण देणार, भूल कोण देणार, तातडीची सोय काय आहे, हे लेखी विचारावे. पूर्वीची अॅलर्जी, रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती लपवू नये. एका बैठकीत अवाजवी मोठ्या संख्येचे आश्वासन हे आकर्षण नसून धोका आहे.

४. शस्त्रक्रियेनंतरही दिवसांचा हिशोब आहे. पहिले काही दिवस रोपांना धक्का वा खाजवणे टाळावे व डोके उंच ठेवून झोपावे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळावर सूज येऊ शकते. खपल्या साधारण सात ते दहा दिवसांत निघतात. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस गळतात, मुळे मात्र आत राहतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवी वाढ दिसते. पूर्ण परिणामास सुमारे वर्ष लागते. याउलट वाढती वेदना, पू, ताप किंवा त्वचा काळी पडणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. चेहऱ्यास वा घशास सूज येऊन श्वास लागल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

५. रुग्णाला नकार देणारा डॉक्टर हा अकुशल नव्हे. १८९० च्या नाभिकांप्रमाणे, हत्यार केव्हा उचलू नये हे जाणणारा हातच विश्वासार्ह असतो.

समारोप :

कावसजीचे नाक दहा महिन्यांनी चित्र काढण्याजोगे झाले. प्रस्तुत लेखकाच्या मावसभावाचे केसही सातव्या महिन्यात दिसू लागले. परंतु मधल्या पंधरा दिवसांचा त्याचा मनस्ताप चार वाक्यांच्या माहितीने टळला असता. पुण्याच्या त्या अनाम कारागिराच्या रुग्णाला पंचविसावा दिवस केव्हा येणार हे ठाऊक होते. आजच्या रुग्णालाही तेवढे ठाऊक असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. आपल्या वर्गांत समोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण हा निर्णय घेण्याच्या उंबरठ्यावर असतात. पाठ्यक्रमाबाहेरचा म्हणून हा विषय टाळण्यापेक्षा त्यांना तो इतिहासासह सांगणे, हे अध्यापक म्हणून आपले कर्तव्य ठरते.