नोमी

जपानी सुतारकामातील पटाशी, कठीण पोलाद व मऊ लोखंड भट्टीत जोडून घडवलेले पाते हे तिचे मुख्य लक्षण (पहा : पोलाद, सुतारकाम). ह्योगो प्रांतातील मिकी व नीगाता प्रांतातील सांजो ही अशा हत्यारांची जुनी केंद्रे. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आल्यावर काही तलवारकार अवजारांकडे वळले. चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) हा नामांकित लोहारही तलवारकारांच्याच घराण्यातला. तरी नोमीच्या गुणवत्तेचे श्रेय या वारशाला देणे अपुरे ठरते. ते पात्याच्या रचनेकडे जाते.

धारेकडील पोलादाचा पातळ थर (हागाने) पाणी देऊन इतका कठीण करतात, की सबंध पाते तसे असते तर हातोडीच्या घावाने तडकले असते. मागचे मऊ लोखंड (जिगाने) तो घाव झेलते. शिवाय ते सहाणेवर भराभर झिजत असल्याने धार लावायला कठीण पोलाद थोडेच घासावे लागते. पाठीवरचा उथळ खळगाही (उरा) याचसाठी : सपाट करायच्या उरतात त्या फक्त कडा. आधुनिक मिश्र पोलादाचे एकसंध पातेही कणखर व टिकाऊ असते, हा आक्षेप रास्त आहे. पण जे पोलाद झिजेला दाद देत नाही, ते सहाणेलाही सहजी देत नाही. नोमीची धार तुटते, ही तक्रार बहुधा कठीण लाकडावरील वापराची. सुगी, हिनोकी अशा मऊ सूचिपर्णी लाकडांना साजेसा धारेचा कोन तिथे वाढवावा लागतो (पहा : रंधा, सहाण).