पहिले दोन सेकंद

महिनाभर माझी गाडी सकाळी सेल्फ मारला की दोनेक सेकंद खरखरायची. पत्र्याच्या डब्यात चिल्लर घालून हलवावी तसा आवाज. मग गप्प, दिवसभर परत नाव नाही. आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. जो बग परत दाखवता येत नाही तो बगच नाही, यावर आपली गाढ श्रद्धा (निदान मॅनेजरपुढे तरी). मग एके दिवशी डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनाचा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी००१६. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, कॅम सेन्सर चेंज करावा लागेल." केला. पाचव्या दिवशी दिवा परत हजर! आणि त्या शनिवारी आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला जायचं होतं.

म्हणून मग रात्री जागून हा कोड म्हणजे नक्की काय ते वाचत बसलो. आणि नेहमीप्रमाणे एका धाग्यावरून दुसरा असं करत थेट १८८० सालच्या मँचेस्टरला पोचलो. :-)

ज्यांनी बॉनेट कधी उघडलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, तो पिस्टन वर-खाली करतो. दुसरा कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची बरोब्बर एक फेरी झाली पाहिजे. हा करार पाळायला लावते ती टायमिंग चेन. आता यातला 'बरोब्बर' हा शब्द महत्त्वाचा. समजा कॅमच्या चक्राला ३६ दात आहेत आणि साखळी एकच दात घसरली, तर कॅम १० अंशांनी चुकतो, म्हणजे क्रँकच्या हिशोबात २० अंशांनी. आणखी घसरली तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडाच असतो, आणि मग दोघांची जी गाठ पडते तिचं बिल आपण भरतो.

ही साखळी ज्याच्यामुळे शक्य झाली तो हान्स रेनॉल्ड, मूळचा स्विस. त्याने सॅलफर्डमधला कापडगिरण्यांसाठी साखळ्या बनवणारा एक छोटा कारखाना १८७९ मध्ये विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी बुश-रोलर साखळीचं पेटंट काढलं. म्हणजे पिन थेट पट्टीवर न घासता एका नळीत फिरते आणि झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते. सायकलच्या साखळीपासून इंजिनातल्या साखळीपर्यंत आजही मूळ कल्पना तीच. आपण म्हणतो 'चेन ताणली गेली', पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आणि नळी एवढी एवढीशी झिजते. शंभर सांधे आणि प्रत्येकात ०.०२ मिलिमीटर झीज धरा, साखळी झाली २ मिलिमीटर लांब. एकही कडी मोडलेली नाही, सगळं शाबूत दिसतंय, आणि तरी कॅम मागे पडायला लागलेला.

मग हे ओळखायचं कसं? मला खरी गंमत वाटली ती इथे.

साठच्या दशकात अमेरिकन कंपन्यांना शांत इंजिनं हवी होती, म्हणून त्यांनी अनेक व्ही-८ इंजिनांत कॅमच्या चक्राला नायलॉनचे दात बसवले. आवाज गेला खरा. पण वर्षानुवर्षं गरम ऑईलमध्ये राहून नायलॉन ठिसूळ व्हायचं, दात तुटून तळाच्या ऑईल पॅनमध्ये पडायचे आणि ऑईल पंपाच्या जाळीत अडकायचे. यावर तिकडच्या मेकॅनिक लोकांची एक फार सुंदर टेस्ट होती. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून एका दिशेला फिरवायचं आणि मग हळूच उलट. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर कॅमवर चालतो, त्यामुळे क्रँक किती अंश फिरल्यावर रोटर हलतो, तेवढी साखळी सैल. बस्स! ना सेन्सर, ना लॅपटॉप. एक पाना आणि पुलीवरच्या खुणा. शिवाय टायमिंग लाईटच्या उजेडात पुलीवरची खूण एका जागी थांबायच्याऐवजी नाचायला लागली, तरी शहाणा माणूस साखळीवर संशय घ्यायचा. (ऑईल काढल्यावर नायलॉनचे तुकडे सापडले तर मग संशय कसला, थेट पुरावाच.)

याच्या अगदी उलट गोष्ट इंग्लंडमधल्या ट्रायम्फ स्टॅगची. जून १९७० मध्ये आलेली, मिकेलोत्तीने रेखलेली, उघड्या टपाची देखणी गाडी. इंजिन स्वतःचं, ३ लिटरचं व्ही-८, कॅमशाफ्ट वर डोक्यावर. त्यामुळे प्रत्येक बाजूला एक अशा दोन लांबच लांब साखळ्या, त्याही एकेरी. लांब साखळी म्हणजे सांधे जास्त आणि एकेरी म्हणजे झीज वाटून घ्यायला जागा कमी. वरचा हिशोब आठवा. पंचवीस हजार मैल व्हायच्या आतच साखळ्या जाऊ लागल्या, आणि त्या गेल्या की पिस्टन आणि व्हॉल्व्हची गाठ ठरलेली. त्यात हे इंजिन पाण्यावरूनही बदनाम होतं, सारखं तापायचं. त्यामुळे स्टॅग म्हटलं की सगळे रेडिएटरकडे बघणार. साखळीची तक्रार मात्र दुसरीकडून ऐकू यायची, सकाळच्या पहिल्या दोन सेकंदांत. साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. रात्रभरात दाब उतरतो आणि सकाळी दाब परत येईपर्यंत सैल साखळी आपटत राहते. नवी असेल तर फारसं ऐकू येत नाही, झिजलेली असेल तर खरखर.

हे वाचलं आणि पोटात गोळा आला. आमचीच कथा की ही!

त्या ग्रुपकडेच रोव्हरचं व्ही-८ इंजिन होतं, आखूड साखळीचं. पुढे बऱ्याच मालकांनी स्टॅगमध्ये तेच बसवून घेतलं. १९७७ पर्यंत स्टॅग साधारण २६ हजार बनल्या आणि गाडी बंद झाली. वाटेल की धडा घेतला असेल जगाने. छे! ऐंशीच्या सुरुवातीला खुद्द मर्सिडीजने ३.८ लिटरच्या व्ही-८ मध्ये एकेरी साखळी घातली, तिनेही रडवलं, आणि १९८४ च्या सुमाराला परत दुहेरी आली.

मधल्या काळात साखळीच नको म्हणणारेही निघाले. जर्मनीतल्या ग्लास या छोट्या कंपनीने १९६२ मध्ये १००४ या गाडीत दातेरी रबरी पट्टा घातला. आपली मारुती ८०० पण पट्ट्यावरचीच. पट्टा आवाज करत नाही, स्वस्त पडतो, पण ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. गिऱ्हाइकाला तो खर्च नको असतो, म्हणून पुढे साखळी परत आली, या वेळी 'इंजिनाच्या आयुष्यभराची' म्हणून. माझा या शब्दावर फार राग आहे. आयुष्यभराची म्हटलं की ती तपासायची कधी, हे पुस्तकात लिहायची गरजच उरत नाही. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलमध्ये (२००७) तर साखळी इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. झिजली तर अख्खं इंजिन उतरवा.

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांत ओबीडी-२ सक्तीचं झालं, आपल्याकडे ही भानगड २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. पी००१६ हा त्यातलाच कोड, आणि त्याचा शब्दशः अर्थ एवढाच की क्रँक आणि कॅम यांच्या स्थितीचा मेळ बसत नाही. सेन्सर बिघडला असं तो कुठेही म्हणत नाही! सेन्सर असू शकतो, वायर असू शकते, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारा ऑईलचा झडपा असू शकतो, नाहीतर साखळी. दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नाहीत असा अलर्ट यावा आणि आपण अलर्ट पाठवणारी सिस्टीमच बदलावी, तसं झालं हे.

शुक्रवारी गाडी आमच्या मागच्या गल्लीतल्या मेकॅनिक काकांकडे नेली. यांची हयात अँबॅसेडर आणि जीपवर गेलेली. कोड सांगायला लागलो तर म्हणाले, "ते राहू द्या साहेब. रात्रभर गाडी इथंच ठेवा, सकाळी मी स्वतः सेल्फ मारतो." सकाळी ते बॉनेटवर हात ठेवून उभे. खरखर झाली. पहिला प्रश्न, "ऑईल किती किलोमीटरला बदलता?"

उत्तर इथे लिहीत नाही. आई ब्लॉग वाचते.

वरचं कव्हर काढलं. गोटी पाना लावून क्रँक हळूहळू फिरवत खूण खुणेवर आणली. कॅमची खूण मात्र आपल्या जागेच्या अलीकडेच थांबली, जेमतेम अर्धा दात. टेन्शनरचा दांडा बाहेर येऊन येऊन जवळजवळ संपलेला. काका म्हणाले, "घसरली नाही अजून. पण हिला घेऊन खंबाटकी चढू नका."

कोल्हापूरला एसटीने गेलो. साखळी, गाईड आणि टेन्शनर बदलून गाडी मंगळवारी आली. जुनी आणि नवी साखळी काकांनी एकाच खिळ्याला शेजारी-शेजारी टांगून दाखवल्या. जुनी खाली लोंबत होती, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. काढलेला कॅम सेन्सर अजून गाडीच्या डिकीत पडून आहे, चांगला चालू स्थितीत. कुणाला हवा असेल तर सांगा.