होहेनस्टाउफेन: जर्मनीत वाढलेलं, नेपल्समध्ये संपलेलं घराणं

२९ ऑक्टोबर १२६८. नेपल्सच्या बाजारचौकात सोळा वर्षांच्या एका पोराचा शिरच्छेद झाला. नाव कॉन्राडिन. ज्या होहेनस्टाउफेन घराण्यानं शंभरावर वर्षं जर्मनीला राजे दिले, त्याचा हा शेवटचा औरस वारस. आणि मरायला आला कुठे, तर इटलीत! या एका प्रश्नापायी मी या घराण्याच्या मागे लागलो.

सुरुवात सोयरिकीतूनच. १०७९ साली चौथ्या हेन्री राजानं पडत्या काळात साथ देणाऱ्या फ्रेडरिकला स्वाबियाचा ड्यूक केलं, वर मुलगीही देऊ केली. ११३८ ला घराण्यात राजपद आलं, ११५२ ला तांबड्या दाढीचा बार्बारोसा गादीवर बसला. इथवर ठीक. पण ११८६ मध्ये त्यानं मुलाचं लग्न सिसिलीच्या कॉन्स्टन्सशी लावलं आणि घराण्याचं तोंड दक्षिणेला वळलं. सिसिली श्रीमंत, पण आता पोपच्या उत्तरेलाही हेच, दक्षिणेलाही हेच. तो गप्प बसणार थोडाच?

या पोपच्या वैराबद्दल भरपूर लिहिलं जातं. मला विचाराल तर खरी पडझड कागदावर झाली. बार्बारोसाचा नातू दुसरा फ्रेडरिक. मुलाला जर्मनीचा राजा निवडून घ्यायचं म्हणून १२२० मध्ये त्यानं बिशपांना टांकसाळीचे, जकातीचे हक्क लिहून दिले. १२३२ मध्ये बाकीच्या सरदारांनाही तसंच. यातलं बरंच त्यांनी आधीच बळकावलं होतं, मान्य. पण बळकावलेलं आणि राजानं लिहून दिलेलं, यात फरक आहे की नाही? स्वतः फ्रेडरिक १२२० नंतर पंधरा वर्षं जर्मनीत फिरकला नाही. १२३५ ला आला तो त्याच मुलाला गादीवरून काढून कैदेत टाकायला.

१२५० ला फ्रेडरिक गेला. १२६६ ला त्याचा दुसरा मुलगा मॅनफ्रेड बेनेव्हेंतोला पडला आणि सिसिली फ्रान्सच्या राजाचा भाऊ शार्ल याच्या हाती गेली. आजोबांचं ते राज्य परत मिळवायला कॉन्राडिन निघाला, तेव्हा खर्चासाठी त्याला वडिलार्जित जमिनी बव्हेरियाच्या मामाकडे गहाण टाकाव्या लागल्या. मामा व्हेरोनापर्यंत आला आणि परत फिरला. पोरगा पुढे गेला, हरला, पकडला गेला. जमिनी मामाकडे राहिल्या.

स्वाबियातला मूळ किल्ला १५२५ च्या शेतकरी बंडात जळाला. त्याचे दगड पुढे गोपिंगेनचा वाडा बांधायला नेले.