पश्चात्तापाच्या बाकाची कुळकथा

८ जुलै १७४१ रोजी कनेक्टिकटमधल्या एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्स यांनी प्रवचन दिले. कोपलेल्या परमेश्वराच्या हाती सापडलेले पापी, हा त्याचा विषय. अमेरिकेच्या इतिहासात इतके गाजलेले प्रवचन दुसरे क्वचितच असेल. एडवर्ड्स काही हातवारे करणारे वक्ते नव्हते, तरी लोक हंबरडा फोडू लागले. तारणासाठी आम्ही काय करावे, असा आक्रोश सुरू झाला आणि एडवर्ड्सना मध्येच थांबून लोकांना शांत राहायला सांगावे लागले. मग तिथले पाळक व्यासपीठावरून उतरले, लोकांमध्ये गेले, त्यांच्याशी बोलले. उठून पुढे या, असे मात्र कोणीही म्हणाले नाही.

म्हणण्याची सोयही नव्हती. एडवर्ड्सच्या कॅल्विनपंथी विचारात तारण हे देवाच्या मर्जीवर होते. माणसाने इशारा ऐकावा, घाबरावे, प्रार्थना करावी आणि वाट पाहावी. ही वाट कधी कधी वर्षानुवर्षे चाले.

हे चित्र पालटले ते जंगलात. १८०१च्या ऑगस्टमध्ये केंटकीतल्या केन रिज इथे हजारो लोक बैलगाड्या, घोडागाड्या घेऊन जमले आणि कित्येक दिवस मुक्कामाला राहिले. अशा मुक्कामी सभांमध्ये मेथडिस्टांनी मंचासमोर थोडी जागा राखायला सुरुवात केली. खाली पेंढा, बसायला साधे बाक. पापाच्या जाणिवेने रडू कोसळलेल्यांनी तिथे यायचे, इतरांनी त्यांच्याभोवती गुडघे टेकायचे. शोक करणाऱ्यांचा बाक म्हणून तो ओळखला जाऊ लागला. शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना हा सगळा गावंढळपणा वाटे.

त्याच मंडळींना त्या बाकावर आणून बसवले चार्ल्स फिनी यांनी. फिनी मुळात वकील. १८२१च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे मनःपरिवर्तन झाले, आणि दुसऱ्या दिवशी खटल्यासाठी आलेल्या अशिलाला त्यांनी सांगितले की, आपण आता प्रभू येशूचे वकीलपत्र घेतले आहे. त्यांची प्रवचनेही कोर्टातल्या भाषणांसारखीच असत. ज्युरीपुढे तासभर बोलायचे आणि निकाल न मागताच खाली बसायचे, हे वकिलाला कसे पटावे? सप्टेंबर १८३० ते मार्च १८३१ या काळात ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये होते. ईरी कालव्याच्या काठचे, पिठाच्या गिरण्यांवर गबर झालेले हे शहर. व्यापारी, वकील, डॉक्टर प्रवचनाला येत, हेलावत आणि चारचौघांत दिसायला नको म्हणून जागेवरच बसून राहत. फिनींनी नेमके हेच लाजेचे कवच फोडायचे ठरवले. पुढच्या रांगेतली आसने मोकळी ठेवून, ज्यांना आताच्या आता देवाला शरण जायचे आहे त्यांनी इथे येऊन बसावे, असे ते म्हणू लागले. लोक आले. प्रेषितांच्या काळी बाप्तिस्म्याने जे काम केले, म्हणजे माणसाला जगासमोर एका बाजूला उभे केले, तेच काम हा बाक करतो, असे त्यांचे समर्थन होते. धर्मजागृती हा चमत्कार नसून योग्य साधने योग्य रीतीने वापरल्याचे फळ आहे, असेही त्यांनी १८३५च्या आपल्या व्याख्यानांत ठामपणे मांडले.

एडवर्ड्सनी हे ऐकले असते तर ते हादरले असते. वाट पाहण्याची जागा निर्णयाने घेतली होती, आणि तोही आज रात्रीच्या निर्णयाने.

विरोधही झाला. पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर्सबर्गचे धर्मशास्त्राचे अध्यापक जॉन नेव्हिन यांनी १८४३ साली या बाकावर एक पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे असे की बाकापर्यंत चालत जाणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे; लोक त्या चार पावलांनाच तारण समजतील. घराघरांतले धर्मशिक्षण, प्रश्नोत्तरी आणि मंडळीतला संथ संस्कार हाच खरा मार्ग. त्यांचा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. चालला मात्र बाकच.

घाईची बाजू भक्कम केली ती एका आगीने. ८ ऑक्टोबर १८७१च्या रविवारी प्रचारक ड्वाइट मूडी शिकागोच्या फारवेल हॉलमध्ये बोलत होते. ‘येशूचे मी काय करू’ हा पिलाताचा प्रश्न त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला आणि आठवडाभर विचार करून पुढच्या रविवारी उत्तर घेऊन या, असे सांगितले. त्यांचे गायक साथीदार आयरा सँकी शेवटचे गीत गात असतानाच आगीच्या बंबांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या. त्या रात्री पेटलेल्या शिकागोत सुमारे ३०० माणसे मेली, लाखभर बेघर झाली. तो हॉलही जळाला. ते श्रोते पुन्हा कधीच एकत्र जमले नाहीत. दिलेल्या त्या आठवड्याच्या मुदतीची खंत मूडींनी आयुष्यभर बोलून दाखवली. नंतर त्यांनी कोणत्याही सभेला मुदत दिली नाही. गंमत म्हणजे बाक मात्र त्यांना फारसा रुचला नाही. सभेनंतर शेजारच्या खोलीत एकेकाशी निवांत बोलणे त्यांना पसंत होते.

बाक मुंबईला आला तो इंग्लंडमार्गे. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक जेम्स कॉघी १८४६ साली नॉटिंगहॅमला आले होते, आणि त्यांच्या सभांनी विल्यम बूथ नावाचा तरुण भारावला होता. पुढे बूथ यांनी मुक्तिफौज काढली. मंचाखालचा लाकडी बाक हे तिच्या प्रत्येक सभागृहाचे अंग बनले. १९ सप्टेंबर १८८२ रोजी फौजेचे फ्रेडरिक टकर तीन साथीदारांसह मुंबईत उतरले. सनदी नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थाने पुढे फकीर सिंग हे नाव घेतले. वाद्ये वाजवत मिरवणुका काढल्याबद्दल पोलिसांनी या मंडळींना अटकही केली.

विसाव्या शतकात बाक विरघळला आणि नुसती हाक उरली. अमेरिकन प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या सभा स्टेडियममध्ये भरत. तिथे कुठला बाक पुरणार? भजन सुरू होई, लोक पायऱ्या उतरून मैदानात येत, आधीच शिकवून तयार केलेले समुपदेशक त्यांच्याबरोबर चालू लागत आणि प्रत्येकाचे कार्ड भरले जाई. बसने आलेल्यांनी काळजी करू नये, बस थांबतील, असेही मंचावरून सांगितले जाई. १९५६च्या जानेवारीत ग्रॅहम मुंबईत आले, तेव्हा मात्र शहर संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात पेटलेले होते. इथली सभा रद्द करून ते मद्रासला गेले.

मराठीतले एक गाजलेले ख्रिस्ती धर्मांतर या साऱ्या पद्धतीबाहेरच झाले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत कवी नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी तो वाचला, डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर आणखी पाच वर्षे लागली. नेव्हिन तोवर हयात असते, तर पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत हे दोघे त्यांनी नक्की घातले असते.