सातापर्यंतची मोजणी

आज मोजणीच्या इतिहासाचं बोलू.

वेचून आणलेल्या मोहफुलांतली तीन भुईवर टाका. मोजावी लागत नाहीत, दिसतातच. आता आठ टाका. बोट लावल्याशिवाय कळत नाही. तीन-चारापर्यंतची नजर माणूस जन्मताच घेऊन येतो. तान्ह्या बाळालाही दोन आणि तीनमधला फरक कळतो. पुढचं शिकावं लागतं, आणि त्याला शब्द लागतात. ब्राझीलच्या जंगलातल्या मुंडुरुकू लोकांकडे पाचापुढे आकड्यांचे शब्द नाहीत. 2004 साली छापलेल्या अभ्यासात दिसलं, की कोणता ढीग मोठा हे ते बरोबर सांगतात; नेमका हिशेब आला की अडतात. म्हणजे डोकं कमी नाही, शब्द कमी.

आपल्याकडे गोंडीत उंदी, रंड, मूंड, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. गावागणिक उच्चार थोडा बदलतो. सिरोंचाकडच्या तेलुगू बोलणाऱ्या बायांना हे ओळखीचं वाटेल, कारण त्यांचं रेंडु, मूडु, नालुगु याच घरातलं. पण बऱ्याच ठिकाणी सातानंतर मराठी-हिंदी आकडे सुरू होतात. जुन्या नोंदींत आठ, नऊ, दहाचेही शब्द आहेत: अर्मूर, उन्माक, पद. मग सातच का टिकले? मला वाटतं, मोठी मोजणी बाजारात व्हायची आणि बाजाराची भाषा दुसऱ्याची. चार ते सात मात्र घरात राहिले. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय असतो? किती देवांचे? नालवेन, सिवेन, सारवेन, येरवेन, म्हणजे चार, पाच, सहा, सात देवे. सारख्या देवांत लग्न होत नाही. जो आकडा चुकला तर सोयरीक मोडते, तो कोण विसरेल!

बाजारातल्या मोजणीचं आपलं दुखणं जुनं आहे. तेंदूचा पुडा 70 पानांचा. माझी आई पाच-पाच पानं उचलायची, चौदा खेपा झाल्या की दोरी. वहीतलं तिला वाचता येत नव्हतं. एका वर्षी फळीवरच्या माणसानं शेकड्यामागे चार पुडे जास्तीचे घेतले. आईला ढिगावरूनच कळलं होतं, पण सांगायचं कसं? "जास्त गेले" एवढंच ती म्हणत राहिली.

आता कितीतरी ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात, आणि वही कुठे कुठे आपल्याच बाईच्या हाती असते. पुढच्या वेळी त्या वहीबद्दल बोलू. तोवर गावातल्या म्हातारीला विचारून ठेवा, नऊ आणि दहाला गोंडीत ती काय म्हणते.